त्राओरे म्हणजे जोप

त्या रविवारी परातीत भात उरला. शेंगदाण्याच्या रश्शावरचं तेल कडेला येऊन थांबलं होतं, भेंड्या कोणी उचलल्या नव्हत्या, आणि मधोमध ठेवलेला मांसाचा मोठा तुकडा जागचा हललासुद्धा नव्हता. सितानने परात आत नेली नाही. झाकून बाजूला सरकवली आणि नवऱ्याकडे न बघता विचारलं, "फॉर्म उद्याच द्यायचा ना?"

"आठच्या आत," झुमाना म्हणाला.

फॉर्म चटईवर पडला होता. वाऱ्याने उडू नये म्हणून मुलीने, न्येलेने, त्याच्यावर शाईची दौत ठेवली होती. एकच कागद, पाठपोट छापलेला. पूर्वेच्या फ्रेंच सुदानात जन्मलेल्या प्रत्येक रेल्वे कामगाराने त्यावर लिहून द्यायचं होतं, फालेमे नदीच्या या, सेनेगलच्या बाजूच्या रेल्वेत राहणार की त्या, सुदानच्या बाजूच्या. ऑगस्टपर्यंत रेल्वे एकच होती आणि देशही एकच होता. जूनमध्ये दोघांनी मिळून स्वातंत्र्य घेतलं, इथे तांबाकुंडाच्या स्टेशनासमोर पहाटेपर्यंत ढोल वाजले, आणि पुरते दोन महिने झाले नाहीत तोच एका सकाळी रेडिओने सांगितलं की सेनेगल माली संघातून बाहेर पडला. पलीकडून येणारी बामाकोची गाडी त्या आठवड्यापासून आली नाही. गेल्या महिन्यात सुदानने माली हे दोघांचं नाव एकट्याने ठेवून घेतलं. संसार मोडल्यावर एकाने घराची पाटी उचलून न्यावी तसं झुमानाला ते वाटलं होतं, पण हे तो कोणाजवळ बोलला नव्हता.

जायचं की राहायचं, हा प्रश्न घरात आता उरला नव्हता. दोसे, थोरला, पलीकडच्या पार्टीचं काम करायचा, तो जाणारच होता. त्याने स्वतःचा फॉर्म पहिल्याच दिवशी देऊन टाकला होता. बातोमाअक्काला, झुमानाच्या थोरल्या बहिणीला, पलीकडे किताला पोचवायलाच हवं होतं. ती जुलैमध्ये एका बारशाला दहा दिवसांसाठी आली आणि गाडी बंद झाल्यामुळे इथेच अडकली होती. शिवाय कामावर झुमानाच्या हाताखाली इकडच्या काओलाकचा एक तरुण दिला होता, गाड्यांची चाकं तपासणं शिकायला. तो फार नम्र होता आणि दर दोन दिवसांनी विचारायचा, "काका, तुमची जायची तारीख ठरली का?"

प्रश्न एकट्या न्येलेचा होता.

"बाबा, यात विचार कसला करताय?" दोसे म्हणाला. त्याने चहाची किटली निखाऱ्यांवर नीट बसवली. "फॉर्मवर काय लिहिलंय? सर्व अपत्यांची नावं. आपण चार. मी, न्येले, सुंगालो, माह. चार नावं लिहायची, खाली अंगठा द्यायचा, झालं."

"आणि चौथं नाव लिहिलं की माझी शाळा संपली," न्येले म्हणाली.

"नाव दुसरं येईल. वयाने तू दुसरी."

"दादा, तू विनोद करू नकोस. तुला जमत नाहीत."

अठरा वर्षांची न्येले समुद्राकाठच्या शहरात शिक्षिका व्हायचं शिकत होती. दोन वर्षं झाली होती, दोन राहिली होती. सुट्टी संपून पंधरवडा होत आला तरी ती घरीच होती, कारण जाताना वडिलांचा निरोप शेवटचा असणार की नाही, हे ठरत नव्हतं. तिच्या शाळेतल्या सुदानी मुलींची नावं पटावरून गेली होती. न्येलेचं गेलं नव्हतं, कारण पटावर ती सुदानी नव्हतीच. तिथे लिहिलं होतं: न्येले जोप, जन्म तांबाकुंडा.

"बामाकोला शाळा नाहीत वाटतं?" बातोमाअक्का म्हणाली. "आमच्याकडे काय पोरी झाडावर शिकतात?"

"आहेत ना आत्या. पण तिथे कोणते कागद दाखवू? तिथे मी जोप. सेनेगलची. ते म्हणतील, ही कोण इथे आली?"

"मी सांगेन ना, माझी भाची म्हणून!"

"तुमचं ऐकून सरकार दाखला देणार?"

"का नाही देणार? माझं सगळे ऐकतात. तुझ्या बापाला विचार."

अक्काचं सगळे ऐकत हे खरं होतं. त्याचं कारण ती थांबत नसे.

जोप हे नाव मेदून न्जायने लिहिलं होतं. बेचाळीस साली न्येले जन्मली तेव्हा मेदून नगरपालिकेत जन्मनोंदीच्या टेबलावर होता. झुमाना नवव्या दिवशी गेला, तेव्हा त्याने नावही पुरतं विचारलं नाही. "अरे गुलामा, त्राओरे म्हणजे जोप. माझ्या आज्याला ठाऊक होतं, तुझ्या आज्याला ठाऊक होतं, या गोऱ्या साहेबाला तेवढं ठाऊक नाही," म्हणाला आणि लिहून मोकळा झाला. त्यात खोटं काहीच नव्हतं. पूर्वेचा त्राओरे पश्चिमेला आला की जोप होतो आणि पश्चिमेचा जोप पूर्वेला गेला की त्राओरे. कुळ एकच. बाजारात, मशिदीत, लग्नात झुमानाला सगळे जोपच म्हणत. तो हाकेला ओ देई. दोसेचा जन्म किताला झाला म्हणून तो कागदावर त्राओरे राहिला. धाकट्या दोघांची नोंद रेल्वेच्या दवाखान्यातून वडिलांच्या कार्डावरून गेली म्हणून तेही त्राओरे. एका घरात दोन आडनावं आहेत हे अठरा वर्षांत कोणाला चमत्कारिक वाटलं नव्हतं.

"मेदूनला बोलावलंय ना?" सितानने विचारलं.

"येतोय," झुमाना म्हणाला. "धाकट्या दोघांना त्याच्याकडेच जेवायला ठेवलंय."

"त्याला कशाला?" दोसे म्हणाला. "घरातली गोष्ट आहे."

"घरात भांडण असलं की न्जायला बोलवायचंच," अक्का त्याच्यावर डाफरली. "पद्धत आहे. तुझ्या पार्टीने ती मोडली का?"

त्राओरेंचं आणि न्जायांचं नातं थट्टेचं. कोणी लावून दिलं, कधी, ते कोणालाच सांगता येत नाही. न्जाय त्राओरेला गुलाम म्हणतो, त्राओरे न्जायला खादाड म्हणतो, आणि दोघांपैकी कोणीही राग धरायचा नाही. पण त्याला दुसरी बाजू आहे. न्जायने अडल्या वेळी काही मागितलं तर त्राओरेला नाही म्हणता येत नाही. दोन भाऊ कोयता घेऊन उभे असले आणि मधे न्जाय येऊन म्हणाला, "गुलामांनो, खाली टाका," तर कोयते खाली पडतात.

मेदूनने हे नातं नुसतं पाळलं नव्हतं, त्याची चैन केली होती. झुमानाचा एक मुलगा, दोसेच्या पाठचा, चार वर्षांचा होऊन गोवराने गेला. दफनाच्या वेळी कबर खणून झाली तेव्हा मेदून उतरून तिच्यात जाऊन आडवा झाला. "ही जागा मालकाची," म्हणाला. "कोलाच्या पाच बिया दिल्याशिवाय उठणार नाही." लोक हसले. झुमानाही हसला. मुलगा खांद्यावर होता आणि तो हसला, आणि त्या हसण्यातच त्याला पहिल्यांदा रडू फुटलं. तोवर तो रात्रभर लाकडासारखा बसून होता. कोला सितानने पाठवले. मेदूनने ते उठून सगळ्यांना वाटले.

रिवाजाच्या तीन चहांपैकी पहिला झाला तेव्हा फाटक वाजलं.

मेदून आत आला. अंगात इस्त्रीचा लांब पांढरा झगा, शुक्रवारचा. त्याने उंबऱ्यापाशी थांबून स्वतःच्या हाताने चपला काढल्या आणि एकीला एक लावून ठेवल्या. झुमानाने ते पाहिलं. एरवी तो बाहेरूनच ओरडायचा, "गुलामा, मालकाच्या चपला!" आणि झुमाना आतून म्हणायचा, "आण, तुझ्याच टाळक्यात घालतो."

"अस्सलाम आलेकुम," मेदून म्हणाला. "अक्का, बरं आहे? वहिनी, सगळे बरे? त्राओरे, तब्येत कशी आहे?"

बावीस वर्षांत मेदूनने झुमानाला त्राओरे म्हटलं नव्हतं.

"ये रे खादाडा," झुमाना म्हणाला. आवाज त्याला स्वतःलाच मोठा वाटला. "तुझा तुकडा राखून ठेवलाय. परात उघड."

"आभारी आहे. मी जेवून आलोय."

"जेवून आलाय म्हणे! अगं, ऐकलंस का? न्जाय जेवून आलाय! मग काय झालं, परत जेव!"

"खरंच नको." मेदूनने चटईकडे बघितलं आणि खुर्ची ओढली. ती खुर्ची सरकारी माणसांसाठी होती. लस टोचणारे आले की त्यांना देत.

सितानने परातीवरचं झाकण अर्धं उचललं होतं, ते तिने परत ठेवलं.

दुसरा चहा होईपर्यंत बाजरीबद्दल बोलणं झालं. भुईमूग यंदा बरा होता, पण गाड्यांचे डबे कमी पडणार होते. निम्मे डबे पलीकडे राहिले होते. हे म्हणताना मेदून झुमानाकडे बघत होता आणि झुमानाने मान हलवली. त्याच्या डोक्यात एक डबा होता, आठशे सतरा नंबरचा. अठरा ऑगस्टला तो बामाकोच्या गाडीला लागून गेला. निघण्याआधी झुमानाने चाकावर हातोडी मारली, तर मागच्या डाव्या चाकाचा आवाज किंचित बसका आला. तडा होता असं नाही. असेलच असं नाही. त्याने खडूने खूण केली, परत येईल तेव्हा पुन्हा ठोकून बघायचं म्हणून. गाडी परत आलीच नाही. त्या खुणेचा अर्थ पलीकडे कोणाला कळणार होता? गेले दोन महिने चाकं ठोकताना मधेच तो आवाज त्याला ऐकू येई. तो काओलाकच्या तरुणाला सांगावा असं त्याला वाटायचं, पण बसका आवाज शब्दांत कसा सांगायचा?

"मी एक बोलू का?" बातोमाअक्का म्हणाली. तिला उत्तर नको होतं. "मुलगी शिकायची म्हणते. शिकू दे. मेदून, तुझा पुतण्या आहे ना, तो गोदामातला? चांगला उंच आहे. त्याला न्येले देऊन टाकू. मग ती इथली सून झाली, नवऱ्याच्या घरी राहिली. तिला कोण काय विचारणार? शाळेतही जाईल. सासरी जायचंच आहे कधीतरी."

न्येले उठून उभी राहिली. "आत्या!"

"बस खाली. मी तुझ्याच बाजूने बोलतेय."

"अशी बाजू नको मला!"

आणि मग झुमानाला वाटलं नव्हतं ते झालं. आठवडाभर "माझी पोर इथे राहील, तिची शाळा होईल" म्हणून सगळ्यांशी भांडणारी सितान उसळून म्हणाली, "असं असेल तर नको. चल आमच्याबरोबर. कागद वाचवायला मी पोरगी देणार नाही. गोदामातल्याला तर नाहीच."

"अगं पण तूच म्हणत होतीस..." झुमाना म्हणाला.

"मी शाळेसाठी म्हणत होते. चुलीसाठी नाही. चूल तिला किताला पण मिळेल."

"किताच्या चुलीला काय झालंय?" अक्का म्हणाली.

"काही झालेलं नाही अक्का! मी तेच म्हणतेय!"

दोसे इतका वेळ निखारे उकरत होता. त्याने मान वर केली. "लग्नबिग्न काही नाही," तो म्हणाला. "तिला राहायचं असेल तर राहू दे. आई, तू चिडू नकोस. पोरगी गणितात सगळ्या शाळेत पहिली येते, तिने किताला जाऊन काय बकऱ्या मोजायच्या? पण बाबा, तिने त्राओरे म्हणून राहावं. नाव लपवून नाही. आपण काय चोर आहोत? तिने जाऊन सांगावं, मी त्राओरे, माझा बाप सुदानी, त्याने तेहतीस वर्षं तुमच्या गाड्यांची चाकं बघितली. मला काढायचं तर काढा."

"आणि काढतील," न्येले म्हणाली.

"तर काढू दे."

"हे तुला सोपं आहे दादा. तू तोपर्यंत फालेमेच्या पलीकडे असशील."

दोसेचा चेहरा असा झाला की झुमानाला तो सहा वर्षांचा आठवला.

मेदून खुर्चीत पुढे सरकला. त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "मला थोडं बोलायचं आहे," तो म्हणाला. "तुम्ही परवानगी दिलीत तर."

"परवानगी!" झुमाना म्हणाला. "अरे, बोल ना!"

"कचेरीत एक पत्र आलंय. जुन्या जन्मनोंदी तपासायच्या. सुदानी कामगारांचे फॉर्म आले की त्यांच्यातली मुलांची नावं नोंदवहीशी ताडून बघायची. कोणी दोन्हीकडे आहे का ते. बेचाळीसच्या वहीत माझं अक्षर आहे. न्येले जोप, बापाचं नाव झुमाना जोप. हे आत्ता कोणाच्या नजरेत येणार नाही. जोप काय, शेकड्यांनी आहेत." त्याने घोट घ्यावा तसं थांबून श्वास घेतला. "पण उद्याच्या तुमच्या फॉर्मवर जर लिहिलेलं असेल झुमाना त्राओरे, मुलगी न्येले, वय अठरा, जन्म तांबाकुंडा, तर दोन्ही कागद एकाच टेबलावर येतील. मग न्येलेची शाळा जाईल. आणि मला निवृत्तीला तीन वर्षं आहेत. मी खोटी नोंद केली असं होईल."

"खोटी कुठे होती?" झुमाना म्हणाला.

"तेव्हा नव्हती."

अंगणात कोंबडी फिरत होती ती परातीच्या झाकणावर चढली. कोणी तिला हाकललं नाही.

"तर तुमचं म्हणणं," सितान सावकाश म्हणाली, "मुलांत तिचं नाव लिहायचं नाही."

"हो, वहिनी."

"सर्व अपत्यं, असं छापलंय त्यावर."

"हो."

"म्हणजे आम्ही लिहून द्यायचं की ही आमची नाही."

"फॉर्मवर. फक्त फॉर्मवर." मेदून आता झुमानाकडे वळला. "त्राओरे, माझी विनंती आहे. तुम्हाला पटलं तर बघा. मी तिला माझ्या घरी ठेवीन, सुट्टीत ती आमच्याकडेच येईल. माझी बायकोही तेच म्हणते. पण निर्णय तुमचा. मी आग्रह करणार नाही."

झुमाना त्याच्याकडे बघत राहिला. मेदूनची उजवी भुवई मधून तुटलेली होती. सत्तेचाळीसच्या संपात झुमानाच्या कुंपणावरून बाजरीचं पोतं आत टाकताना तार लागली होती, आणि त्यावर तो म्हणाला होता, गुलाम उपाशी मेला तर मालकाचंच नुकसान. तीच भुवई होती. माणूस तोच होता.

"मेदून," झुमाना म्हणाला, "नीट सांग."

"मी नीटच सांगतोय."

"नाही. जसं सांगायचं असतं तसं सांग. म्हण, ए गुलामा, त्या कागदावर पोरीचं नाव घालू नकोस, मालकाचा हुकूम आहे. एवढं म्हण. मी आत्ता अंगठा देतो. तुझ्या हुकमाला मला नाही म्हणता येत नाही. मग कोणी विचारलं, आयुष्यात कधीही, की बापाने पोरीचं नाव का वगळलं, तर मी सांगेन, न्जायने सांगितलं म्हणून. सगळे हसतील. मीही हसेन. ती हसेल." त्याने न्येलेकडे बोट केलं, पण बघितलं नाही. "म्हण ना रे. चार शब्द तर आहेत."

मेदूनचे ओठ हलले. झुमाना वाट बघत होता. त्याला वाटलं, येतोय, आता येतोय. अक्काही पुढे वाकली होती.

"आता ते..." मेदून म्हणाला आणि थांबला. "परवा कचेरीत मी आमच्या शिपायाला म्हटलं. सिसोकोला. तोही किताचाच, थट्टेच्या नात्यातला. सवयीने म्हटलं, ए गुलामा, तुझ्या देशात चालता हो. रोज म्हणतो तसं. त्याने माझ्याकडे बघितलं, मग खाली बघितलं, आणि म्हणाला, हो साहेब. संध्याकाळी त्याने किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि गेला. बायकापोरांसकट. मी त्याच्या घरी गेलो तर खोली रिकामी." त्याने झग्याची बाही उलट्या हाताने डोळ्यांवरून फिरवली. "मला आता ते तोंडातून निघत नाही. मला विनंतीच करता येते, त्राओरे. माफ करा."

बातोमाअक्का उठली, परातीतला तो मांसाचा तुकडा तिने केळीच्या पानात बांधला आणि मेदूनच्या हातात दिला. "घरी ने," ती म्हणाली. "तुझ्या बायकोला सांग, अक्काने दिलाय." मेदूनने दोन्ही हातांनी तो घेतला. जाताना त्याने उंबऱ्यापाशी वाकून चपला घातल्या. वाकताना त्याला त्रास होत होता. गुडघे गेले होते त्याचे. हे झुमानाला माहीत नव्हतं. आजवर तो चपला भिरकावत असे.

तिसरा चहा कोणी केला नाही. निखारे विझत आले. उन्हं कडुनिंबाच्या बुंध्यावर गेली तेव्हा झुमाना म्हणाला, "न्येले, दौत घे."

घरातले सगळे कागद न्येलेच लिहायची. आठ वर्षांची असल्यापासून. रजेचे अर्ज, किताची पत्रं, बुटांची मागणी. तो सांगायचा बांबारात, ती लिहायची फ्रेंचमध्ये, आणि तो अंगठा द्यायचा. वाचता येत नसलं तरी कागदावर काय कुठे आहे ते त्याला कळायचं. ओळी त्याला मोजता येत, आणि चारही मुलांच्या नावांच्या आकृत्या तो ओळखत असे, जशा डब्यांच्या नंबरांच्या.

ती मांडीवर पाटी घेऊन बसली, पाटीवर कागद. दोसे फाटकापाशी गेला आणि रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. सितान तिथेच बसली, जमिनीवर हात टेकून.

"नाव, झुमाना त्राओरे," तो म्हणाला. "जन्म, किता. काम, चाकं तपासणे. नोकरी, तेहतीस वर्षं." टाक खरखरत होता. "कुठे जाणार, माली."

ती लिहीत होती. तिचं अक्षर लहान, सरळ, प्रत्येक ओळ मागच्या ओळीच्या बरोबर खाली. झुमानाला ते नेहमी आवडायचं. आपल्या हाताला जी शिस्त आहे ती हिच्या हातात गेली आहे असं त्याला वाटायचं.

"बायको, सितान कुलिबाली."

"लिहिलं."

"आता मुलं."

टाक थांबला. सितानने डोळे मिटले. झुमानाला कळलं की दोघीही वाट बघताहेत, तो किती नावं सांगतो याची. मेदूनने सगळं बरोबरच सांगितलं होतं, आकड्यासारखं बरोबर, आणि त्यातली एकही गोष्ट खोडता येत नव्हती. तरी वगळायचं म्हणजे कसं वगळायचं? जीभ कशी थांबवायची? बारशाला तिच्या कानात नाव सांगितलं तेव्हा तो स्वतः तिथे होता.

"दोसे," तो म्हणाला.

टाक चालला. "लिहिलं, बाबा."

"न्येले."

त्याने ते नाव स्पष्ट उच्चारलं, इतरांपेक्षा मोठ्याने, रस्त्यावर उभ्या असलेल्या दोसेलाही ऐकू जावं असं. सितानने डोळे उघडले. न्येलेने टाक दौतीत बुडवला, काठावर निथळला, आणि थोडा वेळ तो कागदाच्या वर धरून ठेवला.

"हं," ती म्हणाली.

"सुंगालो."

"हं."

"माह."

"हं. झालं, बाबा."

तिने कागद पाटीसकट त्याच्याकडे वळवला. शाई ओली होती आणि उतरत्या उन्हात चमकत होती. बायकोच्या नावाखाली ओळी होत्या, सारख्या अंतरावर, एकीखाली एक. झुमानाने त्या मोजल्या. पहिल्या ओळीत दोसेची आकृती. तिच्या खाली लगेच सुंगालोची. मग माहची. मधे कुठे जागा सोडलेली नव्हती, खोडलेलं नव्हतं, काही राहून गेलंय असं कोणालाही वाटलं नसतं.

त्याने मुलीकडे बघितलं. ती कागदाकडे बघत होती.

"सगळी आली?" त्याने विचारलं.

"आली, बाबा."

सितानने हात पुढे करून न्येलेच्या पायाचा घोटा धरला आणि धरूनच ठेवला. झुमानाने अंगठा शाईत बुडवला, जिथे नेहमी द्यायचा तिथे, उजवीकडे खाली, टेकवला आणि दाबला. मग बाकीची शाई पायाला पुसली.

"वाळू दे," तो म्हणाला. "घाईने घडी घालू नकोस."